अर्धं भोक

सोमवारी प्रयोगशाळेची किल्ली प्राचार्यांकडे द्यायची.
शहाद्याच्या आमच्या कॉलेजात यंदा भूगर्भशास्त्राला
दोनच मुलं आली, तीही पुढे फार्मसीला गेली.
म्हणून मी, सुपडू बागूल, परिचर,
सत्तावीस वर्षं या कपाटांची धूळ पुसलेला,
रावेरच्या केळीभावांच्या जुन्या पेपरात
समुद्र बांधतोय.

एकेका शिंपल्याला वाणी मॅडमच्या अक्षरातली चिठ्ठी :
नर्मदाकाठ, धडगावच्या उत्तरेला, चुनखडी, नऊ कोटी वर्षं.
पहिल्याच महिन्यात मी विचारलं होतं,
'मॅडम, हाई कोन मोजस?'
त्या हसल्या नाहीत. भिंग दिलं हातात.

भिंगातून कळतं
कोण कोणाच्या ओसरीवर राहायचं.
हा कालव जन्मभर दुसऱ्याच्या पाठीवर बसलेला,
त्याच्याही पाठीवर जाळीदार बारीक खोल्या,
भाडेकरूचे भाडेकरू.
आणि ही दगडातली वाकडी नळी,
हे कोणाचं अंग नाही,
हे एका झिंग्याचं नुसतं जाणं-येणं आहे.

तिसरा खण सावकाश ओढायचा.
मॅडमनी समुद्री साळू ओळीने मांडलेत :
आधी गोल, तोंड बरोबर पोटाच्या मध्यावर,
मग किंचित लांबट, तोंड जरासं सरकलेलं,
शेवटी बदामाच्या आकाराचा, तोंड पार पुढे.
उघड्यावर फिरणाऱ्याला सगळ्या दिशा सारख्या.
वाळूत शिरायचं ठरलं
की पुढचं-मागचं ठरवावं लागतं.
खण ओढायला मला चार सेकंद लागतात.

मग भोकाचे शिंपले.
सोनाराने कान टोचावा इतकं गोल, कडेला उतार दिलेलं.
एक गोगलगाय वाळूखालून यायची,
शिंपला कवेत धरून जिभेने कोरत राहायची,
घाई नाही.
एकशे चौदांपैकी एकोणीस, आम्ही दोघांनी मोजले,
मे महिन्यात, पंखा बंद, घाम टेबलावर.
खालच्या थरातले पापडासारखे पातळ,
वरच्या थरातले
कळण्याच्या भाकरीच्या काठासारखे जाड.
मी म्हटलं, घाबरून जाड झाले असतील बिचारे.
'कोणी घाबरून जाड होत नाही, सुपडू.
पातळ खाल्ले गेले.
जाडांची लेकरं उरली.'
त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

हा एक वेगळ्या डबीत. कापसावर.
ठुमली पावराने आणलेला, ओढणीच्या गाठीत,
त्यांच्या घराखालच्या कड्यातून.
भोक आहे, पण आरपार नाही.
ठुमली भिंगाला डोळा लावून बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, 'कोणीतरी मध्येच उठून गेलं.'
का गेलं? लाट आली असेल,
गाळ कोसळला असेल,
गोगलगायीलाच कोणी खाल्लं असेल.
'ते दगड सांगत नाही,' मॅडम म्हणाल्या, 'उलटा कर.'
आतल्या बाजूला, बरोबर त्याच जागी,
चुन्याचा लहानसा फुगवटा.
आत बसून त्याने भिंत लिंपून घेतली होती.

तो समुद्र आटला. वर लाव्हा आला,
काळ्या फत्तराखाली सगळं दडपलं,
नदीने कोटी कोटी वर्षं घासून
एक कडा उघडा केला,
आणि ठुमली बारावीत असताना
धरणाचं पाणी त्या कड्यावर चढलं.
'समुद्र परत आला, काका,
पण हा गोडा आहे,
याच्यात आपले शिंपले राहायचे नाहीत,' म्हणाली,
घरावरची कौलं तेव्हा ट्रॅक्टरमध्ये होती.

मॅडम आता अमळनेरला असतात, डोळ्याला मोतीबिंदू.
ठुमली कुठल्याशा आरोग्य केंद्रात आहे, ऐकून आहे.

कार्यालयाने छापील तक्ता दिलाय :
अनुक्रमांक, वस्तू, नग, स्थिती.
स्थितीखाली दोनच शब्द चालतात म्हणे, चांगली किंवा मोडकी.
दोनशे सहा नगांपुढे मी तसंच लिहिलं.
दोनशे सातव्यापाशी पेन थांबलं.
खाली शिपाई टेम्पोचा हॉर्न वाजवत होता.
लिहिलं :
अर्धं भोक. आतून लिंपलेलं.